टॉर्मॉडच्या कमरेचे माप

मित्रांनो, मी एक जुना किल्ट आहे. पण जुना म्हणजे झिजलेला असेन, असे समजू नका. किल्ट म्हणजे आमच्याकडे लग्नाकार्यात पुरुषांनी नेसायचे लोकरी, चौकड्यांचे वस्त्र. पुढे सपाट पदर, मागे निऱ्याच निऱ्या. ते झिजते चालून, नाचून, पावसात भिजून. मला तसे झिजायला मिळालेच नाही. उभ्या जन्मात मी एका अंगणाच्या फाटकापर्यंत चाललो, तेवढाच. ती कथा सांगतो. घाई करू नका. आमच्या बेटावर देवाचे गाणेसुद्धा सावकाश गातात.

त्या गाण्यापासूनच सुरुवात करतो, कारण माझा धनी त्या गाण्याचा माणूस होता. टॉर्मॉड त्याचे नाव. आमच्या चर्चमध्ये पेटी नाही, वाद्य नाही. एकाने पुढे उभे राहून स्तोत्राची ओळ उचलायची आणि साऱ्या मंडळींनी ती झेलायची. एकाचा सूर खाली, दुसऱ्याचा वर, लाटेवर लाट चढावी तसा. ओळ उचलायचा तो टॉर्मॉड. लोक म्हणत, बाहेर कितीही वारा असो, टॉर्मॉडने तोंड उघडले की वारासुद्धा दाराशी उभा राहून ऐकतो. आठवडाभर तो मेंढ्यांमागे असायचा आणि रविवारी काळ्या सुटात. किल्ट त्याने कधी नेसला नव्हता. बायको लवकर देवाघरी गेली. एकच लेक, शोनाग. तिला त्याने वेण्या घालण्यापासून सारे स्वतः केले होते. ती आता ग्लासगोला नोकरीला होती. तिचे लग्न ठरले, जूनअखेर, आमच्याच चर्चमध्ये. आणि तिने फोनवर फर्मान काढले, "बाबा, मला हाताला धरून तुम्ही न्यायचं, आणि किल्ट नेसून न्यायचं."

"मी? घागरा?"

"हो, घागरा. माझ्यासाठी."

झाले! बातमी गावभर. मासळीच्या गाडीपाशी शेजारी त्याला म्हणाला, "टॉर्मॉड, या वयात गुडघे दाखवायला निघालास होय? मेंढ्या बुजतील रे!"

"बुजू देत," टॉर्मॉड म्हणाला. "तुझं तोंड बघून सरावल्यात त्या."

किल्ट शिवणारी गावात एकच, एफी. शाळेत टॉर्मॉडच्याच वर्गातली. लग्न केले नव्हते, जीभ तिखट, हात मात्र देवाने सवडीने घडवलेले. बेटावरचे किती नवरदेव तिच्या टाक्यांत उभे राहिले होते! ऐन थंडीत टॉर्मॉड तिच्या घरी आला. चहा झाला, लोणी लावलेले स्कोन-पाव झाले. मग तिने नमुन्याचे तुकडे टेबलावर पसरले.

"ही तुझ्या घराण्याची चौकडी," तिने लालभडक तुकडा पुढे केला.

"हे नेसून उभा राहिलो तर लोक माझ्यात पत्रं टाकतील."

"मग हा हिरवा घे, शिकारीला नेसायचा."

"यावर मेंढ्या चरायला येतील."

"देवा! नवरीला कमी वेळ लागतो रे निवडायला!"

तेव्हा त्याने खालून एक तुकडा ओढला. चौकडी घराण्याचीच, पण रंग मुद्दाम विटवलेले. मातकट तपकिरी, राखाडी, कुठे तरी उतरलेला तांबूस. तो तुकडा घेऊन तो सरळ अंगणात गेला. तिथे चुलीसाठी कापून वाळवलेल्या काळ्या मातीच्या विटांचा ढीग होता. त्यावर त्याने तुकडा ठेवला आणि मागे सरून पाहिले. तुकडा जवळजवळ दिसेनासा झाला.

"हा," तो म्हणाला. "लोक नवरी बघायला येतात. नवरीच्या बापाला नव्हे."

मित्रांनो, तो तुकडा म्हणजे मी. मला असे निवडले गेले. पुढे खूप जणांनी माझ्या रंगाला नावे ठेवली, पण मी ती कधी मनाला लावून घेतली नाहीत.

एफीने माप घेतले. "पोट आत ओढू नकोस," ती म्हणाली.

"ओढलेलं नाही. आहे तेवढंच आहे."

ती हसली. तोही हसला.

मग मुख्य भूमीवरच्या गिरणीत मी विणला गेलो आणि बोटीने एफीच्या घरी आलो. तिने मला हाताने शिवले. आमच्यात निऱ्यांसाठी कापड कापत नाहीत, नुसते दुमडतात. म्हणून माणूस जाड झाला, बारीक झाला, तरी उसवून पुन्हा बसवता येते. कच्चे टाके घालून झाले, कमरेला कातडी पट्टे आणि बकले लागली, आणि टॉर्मॉड पहिल्यांदा मला नेसून पाहायला आला.

मी त्याच्या कमरेला बसलो आणि मला कळले, मी सैल आहे. एफीने दोन बोटे आत घातली. ती सहज गेली.

"चुकलीस वाटतं, एफी."

"मी? माप घेण्यात?" ती फणकारली. पण बकल सरकवून दिले.

पुढच्या खेपेला बोटे नाही, तिची मूठ आत गेली. या वेळी ती फणकारली नाही. टेप तिच्या हातात तशीच राहिली. लोकरीला बोलता येत नाही, मित्रांनो, पण कळते सारे. माझ्या आतल्या बाजूला हाड लागत होते.

"टॉर्मॉड," ती हळूच म्हणाली, "माझं माप चुकलेलं नाही."

तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. "नाही चुकलेलं. मोठ्या इस्पितळात दाखवून आलोय."

"काय म्हणाले?"

"जून बघशील, म्हणाले. बहुतेक."

"शोनागला ठाऊक आहे?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस. कळलं तर ती नोकरी टाकून धावत येईल, लग्न पुढे ढकलेल, माझ्या उशाशी सूप घेऊन बसेल. मला तिच्याकडून सेवा करून घ्यायची नाही गं. मला तिचं लग्न बघायचंय. तिने काही विचारलं, तर माप चुकलं म्हण."

"खोटं बोलू? देवाची ओळ उचलणारा माणूस मला खोटं बोलायला सांगतो?"

तिने खूप वेळ माझ्या निऱ्या सारख्या केल्या. त्या सारख्याच होत्या. शेवटी म्हणाली, "खोटं मी बोलणार नाही. पण कुणी 'एफी चुकली' म्हणालं, तर 'नाही' म्हणणार नाही."

आणि मित्रांनो, तिने ते पाळले. पाळले नसते तर किती बरे झाले असते!

वसंतात शोनाग लग्नाच्या तयारीसाठी दोन दिवस आली. बापाला घेऊन ती एफीकडे आली, बरोबर तिच्या मावसबहिणी. टॉर्मॉड मला नेसून उभा राहिला आणि मी कमरेवरून घसरलो. बहिणी खुदकन हसल्या. शोनागचा चेहरा उतरला.

"मावशी, हे काय? इतक्या महिन्यांनी हे असं?"

एफीने टेप गुंडाळून खिशात टाकली.

"जमत नव्हतं तर सांगायचं होतं. आम्ही ग्लासगोहून आणला असता. बाबा कधी काही मागत नाहीत, एक किल्ट करायचा होता त्यांच्यासाठी, तोही धड नाही! तुमची नजर गेलीय मावशी, आता थांबा तुम्ही."

"शोनाग, पुरे," टॉर्मॉड म्हणाला.

"तुम्ही जेवता ना नीट, बाबा?"

"बटाटे आणि हेरिंग मासळी, ताटभर. एफीची टेप म्हातारी झालीय, दुसरं काय."

त्या क्षणी शोनागचा हात माझ्या पट्ट्यावर होता. पट्टा आणि बाप यांच्यामध्ये जी पोकळी होती, तिच्यात तिची बोटे होती. मी जीव तोडून वाट पाहिली. वर बघ, पोरी. एकदा वर बघ. पण ती माझ्याकडेच बघत राहिली, माझ्या टाक्यांकडे, माझ्या बकलांकडे. त्याच्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी ती बोटीने परत गेली. गावात बोलले जाऊ लागले, एफीचे हात गेले. एका नवरदेवाच्या आईने दिलेले कापड परत नेले. एफीने तेही ऐकून घेतले. तिने मला पुरते उसवले आणि निऱ्या आणखी खोल दुमडून पुन्हा बसवल्या. मी इतका अरुंद झालो, की टेबलावर पसरल्यावर मलाच माझी लाज वाटावी.

टॉर्मॉड शेवटचा आला तेव्हा हवेत गवताचा वास होता. मी त्याला अगदी नेमका बसलो. तो आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "एफी, चल. चालून बघू. चर्चमध्ये पाय अडखळायला नको."

"कुणाबरोबर चालणार?"

"तू हो नवरी."

"या वयात! लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, शेवटी एफीला कुणीतरी नेलं."

तिने त्याच्या हातात हात घातला. दारापासून फाटकापर्यंत फरशीची वाट होती. तो चालू लागला आणि मागे माझ्या निऱ्या उघडल्या, मिटल्या, उघडल्या. मित्रांनो, किल्ट ज्यासाठी जन्मतो ते हेच. तो हळू आवाजात स्तोत्राची चाल गुणगुणत होता. चर्चमध्ये ओळ उचलावी तशी. एफीने मागून झेलली, अगदी हलक्या सुरात. फाटकाजवळ त्याची ओळ मध्येच तुटली. त्याने फाटक धरले. एफी एकटीच तो सूर धरून राहिली, त्याला श्वास मिळेपर्यंत. तो मिळाला, पण ओळ पुन्हा आली नाही.

"सांग तिला, टॉर्मॉड. आजच."

"थोडेच दिवस राहिलेत," तो म्हणाला.

थोडेच राहिले होते, पण तेवढे देवाने दिले नाहीत. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात टॉर्मॉड गेला. शोनागला निरोप मिळाला, पण समुद्र खवळलेला, बोट सुटली नाही. ती पोहोचली तेव्हा घर माणसांनी भरले होते आणि प्रार्थनेला सारे उभे होते. सांगणारे सांगतात, स्तोत्राचे नाव घेतले गेले आणि कुणीच ओळ उचलली नाही. इतकी वर्षे उचलणारा एकच होता. सगळी मंडळी झेलायला उभी, आणि झेलायला काही नाही.

चार दिवसांनी शोनाग एफीच्या दारात आली. मी टेबलावर घडी घातलेला होतो.

"मावशी, एकच विचारते. बाबांच्या कमरेचं खरं माप काय होतं?"

एफी म्हणाली, "कुठल्या वेळचं?"

तेवढ्याने शोनागला सारे कळले. ती खाली बसली.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी तुम्हाला सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलले."

"ते मी तेव्हाच विसरले. पण तू बोटीवर चढलीस आणि मी तुला थांबवलं नाही, ते मला विसरता येत नाही."

"मी आले असते, मावशी. नुसती बसले असते त्यांच्याजवळ. लग्न काय, कधीही झालं असतं." शोनागने मला उचलले, पट्टा हातात घेतला, शेवटच्या भोकापर्यंत बोट नेले, आणि माझ्यात तोंड खुपसून रडली. एफी तिच्या शेजारी उभी राहिली. पाठीवरून फिरवायला तिने हात उचलला होता, पण ठेवला नाही.

लग्न शरदात झाले. शोनाग एकटीच चालत गेली. मी नव्हतो. मी तिच्या माहेरच्या कपाटात राहिलो, मग ग्लासगोच्या माळ्यावरच्या पेटीत. कसर लागली, एका निरीला भोक पडले. कुणी पाहिले नाही. एफीने नंतर किल्ट शिवले नाहीत. गावाला वाटले, नजर गेली. एफी गेली तेव्हाही ते तसेच म्हणत होते.

परवा शोनागच्या मुलाने मला बाहेर काढले. मित्राच्या लग्नासाठी त्याला त्याचा पहिला किल्ट हवा होता. त्याने मला अंगाशी लावले आणि हसत सुटला. "आई, हा कुणाचा गं? लांबी मोठ्या माणसाची आणि कंबर लहान पोराची! असा माणूस असतो का कुठे?"

"असतो," शोनाग म्हणाली.

"निऱ्या उसवून रुंद करून घेऊ का?"

"नको. तुला नवा घेऊ." आणि तिने मला त्याच्या हातातून काढून घेतले.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांगतात, आम्हाला जपा, ऊन दाखवा, कसरीपासून वाचवा. मी तसे मागत नाही. माझे काय, मी लोकर. मागणे एवढेच आहे. तुमच्या आईबापांचे, आजीआजोबांचे कपडे एखाद दिवशी सैल दिसले, सदऱ्याची कॉलर मानेपासून सुटलेली दिसली, तर शिंप्याला बोल लावू नका. कापडाकडे बघत बसू नका. मान वर करा आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघा. आणि त्या दिवशीची परतीची बोट जाऊ द्या.