ढीग मोडेपर्यंत

मी फटकळ आहे, हे कळवणकडच्या आमच्या पाचसहा वस्त्यांत कुणालाही विचारा. मी गावची आशा कार्यकर्ती आहे. बाळंतिणीच्या खोलीत धूर कोंडलेला दिसला की घर कुणाचं आहे ते मी बघत नाही, तिथल्या तिथं सुनावते. तान्ह्या बाळाला कुणी गुटी चाटवली तर भांडते. तुझ्या या तोंडामुळे दोनचार पोरं तरी वाचली असतील, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणतात. असेल. पण यंदाच्या जानेवारीत त्या तोंडाची खरी गरज होती, तेव्हा मी ते मिटून घेतलं.

माझे सासरे केरूआप्पा तीस वर्षं चांदवडकडच्या एका पोल्ट्रीत होते. एका दिवसाची कोंबडीची पिल्लं गाडीतून उतरली की पहिले आठ दिवस ती आप्पांच्या ताब्यात असायची. पत्र्याच्या टोपाखाली बल्ब टांगून त्यांना ऊब द्यायची, हे आप्पांचं काम. थर्मामीटरला त्यांनी कधी हात लावला नाही. पिल्लं बल्बखाली ढीग करून एकमेकांच्या अंगावर चढली म्हणजे त्यांना थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्यायचा. सुटी सुटी पसरून गप बसली म्हणजे ऊब बरोबर. शास्त्र एवढंच, पण त्यात आप्पांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मालक पाहुण्यांना शेड दाखवायला आणायचा तेव्हा आप्पांची ओळख आधी करून द्यायचा.

गेल्या पावसाळ्यात तिथं गॅसचे हीटर आले. ते आपले आपण चालू होतात, बंद होतात आणि मालकाच्या मोबाइलवर तापमान दाखवतात. आप्पांना शाल-नारळ देऊन घरी पाठवलं. मग ते दिवसभर ओट्यावर बसून वणीला जाणाऱ्या गाड्या बघायचे आणि कंटाळले की माझ्या कामात नाक खुपसायचे. लाकूड असं सार, म्हशीला तिकडं बांध. दिवाळीत चार पाहुण्यांसमोर माझा तोल गेला. म्हटलं, "आप्पा, तुमची पोल्ट्री तिकडं ऱ्हायली. हे घर हाय." ते गप उठून बाहेर गेले आणि जेवायला आलेच नाहीत.

माझा नवरा सुनील सहसा मध्ये पडत नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाला, "त्यांच्यापाशी आता काय ऱ्हायलं नाय गं. एखाद्या गोष्टीत तरी त्यांना बरोबर असू दे." मला इतकी लाज वाटली की मी मनाशी ठरवूनच टाकलं, यापुढे आप्पांना खोडून बोलायचं नाही.

जानेवारीत थंडीनं कहर केला. सकाळी हंड्यातल्या पाण्यात हात घालवत नव्हता. त्यातच एका सोमवारी आमची काळी कुत्री गोठ्यामागे व्याली. चार पिल्लं, उंदराएवढी, डोळे मिटलेले. आप्पा ओट्यावरून उठले ते जणू दहा वर्षांनी तरुण होऊन. त्यांनी तीन बाजूंना दगड रचले, वर पत्रा टाकला, दाराला गोणपाट लावलं, खाली भाताचा तूस पसरला. जुन्या घमेल्याला भोक पाडून होल्डर बसवला आणि घरातून वायर ओढून बल्ब टांगला. "पन्नास हजार पिल्लं जगवली म्या. ही चार काय!" म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांना असं बोलताना ऐकलं आणि मला खरंच बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी त्यांनी गोणपाट उचलून पाहिलं, तर चारी पिल्लं एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपलेली. "थंडी वाजती त्यांना," आप्पा म्हणाले आणि बल्ब वीतभर खाली घेतला. संध्याकाळी पाहिलं, ढीग तसाच. सुनीलला पाठवून त्यांनी दोनशे वॅटचा बल्ब आणवला. रात्रभर पिल्लं कुईंकुईं करत होती. आप्पा म्हणाले, भूक लागली असेल. पहाटे उठून त्यांनी बल्ब आणखी खाली घेतला आणि दगडांच्या फटी मातीनं लिंपल्या.

बुधवारी दुपारी मी पिशवी खांद्याला लावून गृहभेटीला निघाले होते, तेवढ्यात त्यांनी हाक मारली. "संध्या, बघ. मोडला ढीग."

मी वाकून पाहिलं. चार पिल्लं चार कोपऱ्यांत पडली होती, पाय ताणून. एकाचाही आवाज नव्हता. गोणपाट उचलताच तोंडावर गरम वाफ आली. काळी आत नव्हतीच. ती बाहेर डाळिंबाखाली गार मातीवर पडून जीभ काढून धापा टाकत होती, अशा थंडीत. मी एक पिल्लू उचललं. त्याची जीभ कोरडी होती आणि मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली. बाळाची अशी कातडी दिसली तर मी दवाखान्याची गाडी बोलावते, घरच्यांना विचारत नाही. थर्मामीटर माझ्या पिशवीत होता.

"कसं जमलं?" आप्पांनी विचारलं. चेहरा फुललेला होता त्यांचा.

मी पिल्लू खाली ठेवलं. "छान जमलं, आप्पा," म्हटलं. निघताना मला वाटलं, सुनीलला फोन करून सांगावं, तो आला की हळूच बल्ब वर घेईल. म्हणजे आप्पांना कळणारही नाही. फोन केला, तर तो म्हणाला पाचपर्यंत येतो. मी पुढच्या वस्तीवर गेले आणि फुलाबाईच्या सुनेला अर्धा तास समजावलं, की बाळाला गोधड्यांत कोंबू नको, आपल्या छातीशी धर.

सुनीलला यायला उशीर झाला. मी साडेपाचला परत आले तेव्हा काळी गोणपाटासमोर उभी राहून दारातली माती उकरत होती. आतली तीन पिल्लं ताठ झाली होती. चौथ्याचं पोट हलत होतं. मी बल्ब उपटून फेकला, पिल्लू पदरात घेऊन पाण्याचं बोट त्याच्या तोंडाला लावलं आणि आप्पा ओट्यावरून उठून आले तसं माझं तोंड सुटलं ते सुटलंच. "कुत्र्याची पिल्लं ढीग करूनच झोपतात, आप्पा! त्यांना थंडी नव्हती! कोंबडीचं पिल्लू गरम झालं की पळतं, हे चार दिवसांचंबी नाय, हे कुठं पळंल?"

आप्पा खाली बसले. एकेक पिल्लू उचलून त्यांनी तळहातावर घेतलं आणि तिन्ही ओळीनं ठेवली. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुला ठावं व्हतं?"

"हो."

"दुपारी?"

"हो."

"मंग छान का म्हणलीस?"

"तुम्हाला वाईट वाटंल म्हणून."

"माझ्या वाईट वाटण्यापायी?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मालक तीस वर्षं आयमाय काढायचा. पण चुकलं तर तोंडावर सांगायचा. तू साऱ्या गावाला सांगतीस. म्या काय सांगण्याजोगाबी ऱ्हायलो नाय व्हय?"

त्यांनी कुदळ आणली आणि डाळिंबाच्या पलीकडे खड्डा खणला. सुनील आला, त्यानं कुदळ मागितली, ती त्यांनी दिली नाही. मी चौथं पिल्लू पुढं केलं. म्हटलं, "हे धरा, आप्पा. तुमच्या अंगाची ऊब लागंल त्याला." त्यांनी हात धोतराला पुसले, पण पुढे केले नाहीत. "नको. माझा हात नको त्याला," म्हणाले.

मी ते पिल्लू पोलक्यात छातीशी घेतलं. मधूनमधून काळीच्या अंगाला लावलं, पण त्याला ओढायची ताकद नव्हती. कापसानं थेंब थेंब दूध पिळलं, ते गालावरून खाली आलं. पहाटे चारला त्याचं पोट हलायचं थांबलं. मी बराच वेळ बोट लावून बसले. मग त्याला फडक्यात गुंडाळून ठेवलं.

उजाडल्यावर आप्पा ओट्यावर घोंगडी पांघरून बसलेले दिसले. मी चहा नेऊन ठेवला आणि म्हटलं, "आप्पा, तेबी गेलं."

"कधी?"

"चार वाजता."

त्यांनी आभाळाकडे पाहिलं. चांगलं फटफटलं होतं. "तवाच का नाय सांगितलं?"

"तुम्हाला झोप लागली असंल, म्हटलं..." एवढं बोलून गेले आणि मग माझ्या लक्षात आलं, मी काय बोलतेय.

"म्या जागाच व्हतो," आप्पा म्हणाले.