कोरडी चादर

त्या सकाळी घरात अकरा चादरी होत्या. एक आईच्या अंगाखाली, एक बादलीत भिजलेली, दोन कपाटात घडी केलेल्या आणि सात दोऱ्यांवर. दोऱ्या तीन ठिकाणी होत्या: ओसरीत, मधल्या खोलीत आणि स्वयंपाकघरात चुलीच्या वर. सातही चादरींना मी हाताची पालथी बाजू लावून पाहिली. ओल तळव्यापेक्षा तिथं लवकर कळते. सातही गार लागल्या. म्हणजे कपाटातल्या दोन संपल्या की आईला ओलसर चादरीवर निजवायचं, नाहीतर नुसत्या रेक्झिनवर.

पाऊस फार नव्हता. भुरभुर होती, पण ऊन पडून आठवडा झाला होता आणि घरातली हवा इतकी दमट होती की मिठाच्या भांड्यातलं मीठ चमच्याला चिकटून येई.

आईला, नंदाबाईला, हिवाळ्यात लकवा झाला. उजवी बाजू गेली. बोलणं सावकाश झालं, पण तिखटपणा तसाच राहिला. मी तेव्हा जालन्याला एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. बियाण्याची उगवण आणि ओलावा तपासायचे. नोकरी सोडून गावी आले. आमचं गाव वडीगोद्रीपासून आत, फाट्यावरून जीपनं यावं लागतं. घरात आम्ही तिघं: आई, मी आणि आबा. आबा, म्हणजे माझे वडील मच्छिंद्र, बराच वेळ मोसंबीच्या बागेत असत. दादा, माझा भाऊ भारत, चाकणला कंपनीत.

आईच्या माकडहाडावर जखम झाली होती. उपकेंद्राच्या सिस्टर येऊन पाहून गेल्या.

"औषध मी देते, पण औषधानं काही व्हायचं न्हाई," त्या म्हणाल्या होत्या. "कूस बदलत राह्य आन् कोरडं ठेव. ओल्यात राह्यली तर जखम आत जाईल. मंग जालन्याला ॲडमिट करावं लागंल, आन् तिथून बाई परत येईल का न्हाई, मी सांगत न्हाई."

त्या गेल्यावर मी पारदर्शक पट्टी जखमेच्या वर धरून माप घेतलं. लांबी सव्वीस मिलिमीटर, रुंदी अठरा.

दादाला फोन केला, तर तो म्हणाला, "वॉशर आन् ड्रायर, दोन्ही घेऊन टाक. मी पाठवतो पैसे. रिव्ह्यू वाचून घे पण, टिकाऊ पाहिजे." मग त्यानं मोबाइलवर पाच-सहा फोटो पाठवले. पांढऱ्या मशिनी, एकावर एक ठेवलेल्या, शेजारी कुंडीत झाड. मी सगळे रिव्ह्यू वाचले. आवाज फार येतो, लोकरीचा स्वेटर आटला, सर्व्हिसवाला उशिरा आला. दमट घरात चादर किती वाळते, हे कोणीच लिहिलं नव्हतं.

म्हणून मी स्वतःच बघायचं ठरवलं. कपाटातली एक चादर काट्याला लावली. काटा म्हणजे कापूस वेचणाऱ्या बायांचा कापूस तोलायचा आमचा लटकता डिजिटल काटा. कोरडी चादर सहाशे ग्रॅम. तीच भिजवून, रोजच्यासारखी हातानं पिळून पुन्हा तोलली: तेराशे पन्नास. माझ्या मनगटांत जेवढा जोर होता तेवढा लावूनही साडेसातशे ग्रॅम पाणी चादरीतच राहत होतं.

त्या दिवशी आबांना घरी थांबवलं. "दर दोन तासांनी कूस बदला," असं दोनदा सांगितलं. पिळलेली चादर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली, काटा घेतला आणि अंबडला गेले.

दुकानदाराचं नाव कल्याण. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. मी पिशवी सोडून चादर काट्याला अडकवली तसा तो गल्ल्यावरून उठून आला.

"ताई, मशीन घ्यायला आल्या का कापूस विकायला?"

दुकानात फॅन बघायला आलेले दोन म्हातारे हसले. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी अनोळखी माणसाशी बोलत होते.

"मला गरम हवेचा ड्रायर पाहिजे," मी म्हणाले.

"तसला ड्रायर अंबडात कोणी पाह्यला बी न्हाई. संभाजीनगरहून मागवतो, पण लाईट किती हाय तुमच्याकडं?"

ते मी मोजलेलं होतं. संध्याकाळी विहिरींच्या मोटारी चालू झाल्या की आमच्या घरात एकशे चौऱ्याहत्तर व्होल्ट. दोनशे तीसवर चालणारी हीटरची कॉइल तेवढ्यावर निम्म्याहून थोडीच जास्त उष्णता देते. मी तसं सांगितलं.

"मंग तुम्हीच सांगा, काय दाखवू?" कल्याण म्हणाला.

"ज्या मशिनी चादर पिळतात त्या सगळ्या. पिळून झाली की मी तोलणार."

म्हाताऱ्यांनी स्टुलं ओढून घेतली.

पहिली फुल ऑटोमॅटिक होती, वरून कपडे टाकायची. "ह्यात बटन दाबायचं आन् झोपायचं," कल्याण म्हणाला. तिच्यातून चादर निघाली ती एक हजार ऐंशी ग्रॅमची. दुसरी सेमी, दोन टबांची. एकात धुवायचं, कपडे हातानं उचलून दुसऱ्यात टाकायचे, तो गरगर फिरून पाणी काढतो. ती दिसायला साधी, झाकण पातळ, पण फिरायला लागल्यावर टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरला. चादर पुन्हा भिजवली, पिळली, तिच्यात टाकली. नऊशे तीस.

"गरीब मशीन जिंकली," एक म्हातारा म्हणाला.

"पण हिच्यात पाणी कोण भरंल, ताई?" कल्याण म्हणाला. "नळाची भानगड न्हाई, पण बादल्या ओताव्या लागतेत."

मला नेमकं तेच हवं होतं. आमची टाकी अंगणात जमिनीवर आहे, तिला प्रेशर नाही. बोअरचं पाणी इतकं जड की साबण फुटत नाही, पांढरी भुकटी कापडात राहते आणि ती आईच्या कातडीला टोचते. ओसरीच्या पत्र्यावरून पन्हाळीतून पडणारं पावसाचं पाणी हलकं असतं. ते मी बादलीनं ओतू शकत होते.

"बिघडली तर?"

"सेमीत बिघडायला हायच काय? तुमच्या वडीगोद्रीत धर्मराज जळलेल्या मोटारी भरतो ना, तो डोळे झाकून उघडंल."

मशीन ठरली. पिळूनही चादरीत उरेल त्या पाण्यासाठी एक मोठा उभा पंखा घेतला. प्रयोगशाळेत बियाणं वाळवतानाही जास्त ताप चालत नसे, आम्ही हवाच फिरवायचो.

घरी आले तेव्हा आई सकाळच्याच कुशीवर होती.

"वळवायला गेल्तो," आबा म्हणाले. "पण ती झोपली होती. उठवावं वाटलं न्हाई."

आईनं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. "झोपले नव्हते," ती हळूच म्हणाली. "त्यांला अवघड वाटतंय. हात लावायला."

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, आणि टेम्पोच्या मागोमाग माणसं आली.

हे मी धरलेलं नव्हतं. आई आजारी पडली तेव्हा पहिला महिनाभर घर भरलेलं असायचं. पुढं खोलीला वास यायला लागला, तसे लोक उंबऱ्यापर्यंत, मग ओसरीपर्यंत, मग रस्त्यापर्यंत मागं सरकले. रस्त्यावरून हाक मारायचे, "नंदाबाई कशीय गं?" मी आतून "बरी हाय" म्हणायचे. त्यापुढचं कोणी विचारायचं नाही. आज मात्र ओसरीत बारा बाया होत्या. पुढं माझी चुलती, चतुराबाई काकू, हातात हळदीकुंकवाचा करंडा आणि नारळ घेऊन.

काकूंनी मशीनच्या झाकणावर स्वस्तिक काढलं, कुंकू लावलं, नारळ फोडला. आबांनी पेढे मागवले होते. ते ओसरीत उभे राहून प्रत्येकीला पेढा देत होते, आणि मला वाटलं, त्यांची मान कितीतरी दिवसांनी सरळ दिसते आहे.

"पहिल्या राऊंडला भावजीचं धोतर टाक," काकू म्हणाल्या. "आन् टोपी. पांढरं निघतं का पाहू."

"पहिल्या राऊंडला चादरी," मी म्हणाले. "भिजलेल्या हायेत."

काकू माझ्याकडं वळल्या.

"कोणच्या चादरी?"

"आईच्या."

"येडी का काय तू!" काकूंनी झाकणावर हात ठेवला. "हिच्यात तुह्या बापाची टोपी धुवायची, देवाचं वस्त्र धुवायचं, आन् त्यातच ते? आत्ताच कुंकू लावलं मी तिला. ते दगडावरच आपटत जा, आजपर्यंत आपटलंस तसं."

"काकू, मशीन त्याच्यासाठीच आणली."

"त्याच्यासाठी आणली म्हणून सांगू नको कोणाला."

मी सांगू लागले: आधी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचं, मग गरम पाणी, मग ब्लीच, मग टब रिकामा फिरवायचा. कोणी ऐकत नव्हतं. मी आबांकडं पाहिलं. त्यांनी पेढ्यांचा डबा खाली ठेवला, आत गेले आणि धोतर-टोपी घेऊन आले.

मशीन फिरली. बायका वाकून पाहत राहिल्या. धोतर पांढरं निघालं. आत खाटेवर आईला सगळं ऐकू येत होतं. पेढा घेऊन तिच्याकडं कोणी गेलं नाही. बाया गेल्यावर मी गेले.

"माझ्यासाठी आणली," ती म्हणाली, "आन् हळदीकुंकू तिला."

मग आम्ही दोघी हसलो. तिच्या अर्ध्याच ओठाला हसता येतं.

संध्याकाळी मी आबांना म्हणाले, "कपाटात आता एकही चादर न्हाई."

"तुहं शिक्षण बराबर हाय," ते म्हणाले. "पण लोकं आपल्याकडं चहा बी घ्यायचे न्हाईत, तृप्ते."

"लोकं येतातच कुठं, आबा?"

"आज आल्ते की."

मोसंबीच्या बागेत दिवसभर त्यांच्याशी कोण बोलतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. घरात ते बोलायचे ते आईशीच. ते आता तिच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबत, आणि तिथून पाणी प्यायलीस का एवढंच विचारत.

पण चादरी ओल्या होत्या आणि जखम सव्वीस मिलिमीटरची होती.

सकाळी मी आबांचं आणि माझं सगळं कापड मशीनजवळून उचललं आणि न्हाणीतल्या दगडाजवळ नेऊन ठेवलं. ते मी हातानं धुणार होते. पन्हाळीखालच्या बादल्या ओतल्या, खळबळलेल्या चादरी मशीनमध्ये टाकल्या. दुसऱ्या टबातून काढून दोरीवर घातल्या, पंखा लावला. पावणेचार तासांनी हाताची पालथी बाजू लावली. मग खात्रीसाठी एक चादर तोलली. सहाशे दहा.

काकू दुपारी रस्त्यावरून गेल्या. ओसरीतली दोरी त्यांना दिसली. त्या थांबल्या, पाहिलं, आणि "नंदाबाई कशीय" हेही न विचारता गेल्या. पुढं त्या घराकडं फिरकल्याच नाहीत, आणि इतरही नाहीत. रस्त्यावरची हाकसुद्धा थांबली. मला त्या "बरी हाय" म्हणण्याची किती सवय झाली होती, हे तेव्हा कळलं. दुपारी कधी कधी मी मशीन फिरत असताना तिच्याजवळच बसून राही. तिचा आवाज घरात दुसरं कोणी असल्यासारखा येई.

दगडावर धुतलेलंही आबांनी माझ्याकडून घेतलं नाही. स्वतःचे कपडे ते पिशवीत घालून बागेत न्यायला लागले, मोटारीच्या पाण्याखाली धुऊन झाडावर टाकायचे. ऊन नसे, म्हणून कित्येकदा ओलाच सदरा घालून परत येत. मी म्हणाले, "त्या टबात नुसतं पिळून तरी घ्या." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

आईला मी दर दोन तासांनी वळवत होते. अंगाखाली कोरडी चादर, कपाटात चार कोरड्या, पुढं पाच. ती बोलायची तेव्हा तिच्या माहेरचं बोलायची.

सप्टेंबरच्या शेवटी एकदा पहाटे उठले तर पन्हाळीखालच्या बादल्या जागेवर नव्हत्या. भरलेल्या सहाही मशीनच्या कडेला ओळीनं ठेवल्या होत्या. आबा ओसरीच्या पायरीवर बसून पायातला चिखल काडीनं काढत होते. दुसऱ्या दिवशीही बादल्या तिथंच होत्या. मशीनला मात्र त्यांनी हात लावला नाही.

त्याच आठवड्यात मी आईला डाव्या कुशीवर वळवलं, जखम मिठाच्या पाण्यानं पुसली आणि मापाची पट्टी धरली. उजेड कमी होता, म्हणून मोबाइलचा टॉर्च आईच्या चांगल्या हातात दिला. उंबऱ्याशी आबा येऊन उभे राहिले. नेहमीसारखं पाण्याचं विचारतील असं वाटलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी पट्टी पुन्हा एकदा जुळवली आणि दोन्ही बाजूंनी वाचली.

"लांबी चौदा मिलिमीटर. रुंदी नऊ."