सुनेच्या माहेरचा तोशोक

मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणतो आहे ते केवळ रीत म्हणून. माझ्यावर आजवर जेवढी माणसे बसली, त्यांतल्या एकाशीही माझी मैत्री झालेली नाही. मी एक जुना तोशोक, म्हणजे जमिनीवर अंथरायची गादी आहे. आत मेंढीची लोकर, वरून लाल मखमल, खालून काळे सुती कापड. राग धरायला मला कोणी शिकवले नाही. सोळा वर्षे पाहुण्यांच्या बुडाखाली काढली की तो आपोआप येतो.

माझा जन्म मात्र मायेतला आहे, ते मी लपवत नाही. बातमा नावाच्या विधवा बाईने मला तिच्या लेकीच्या लग्नासाठी केले. तिने अंगणात लोकर पसरली, शेजारणींना बोलावले आणि सगळ्यांनी मिळून ती काठ्यांनी झोडपून फुलवली. मग बातमा एकटीच महिनाभर माझ्यावर वाकून टाके घालत बसली. मखमल तिने स्वतःच्या लग्नातल्या अंगरख्याची घेतली होती. शेवटचा टाका घातल्यावर दोरा दाताने तोडून ती म्हणाली, "माझी बुरुल बसेल यावर." एवढ्या एका वाक्यावर मी सासरी आलो.

बुरुलचे सासर तळ्याच्या दक्षिण काठावरच्या गावात. तिथे मी पेटीवर रचलेल्या गाद्यांच्या ढिगात जाऊन पडलो. आमच्याकडे सुनेच्या माहेरची किंमत त्या ढिगाच्या उंचीवरून करतात. बुरुलची सासू उलकान हिने ढिगाकडे पाहिले, नाक मुरडले आणि म्हणाली, "बरं आहे. छतापर्यंत नाही पोचला, पण बरं आहे." त्या क्षणापासून ती बाई माझ्या मनातून उतरली.

पुढच्या वर्षांविषयी काय सांगू? पाहुणे आले की मला तोरवर अंथरायचे. तोर म्हणजे दारासमोरच्या भिंतीजवळची मानाची जागा. तिथे म्हातारे बसत, गावचे प्रमुख बसत, नात्यातले ढेरपोटे बसत. मटणाची बोटे माझ्या मखमलीला पुसत आणि वर म्हणत, "काय मऊ तोशोक आहे हो!" ते कौतुक ऐकून उलकान फुलून जाई. बुरुल दाराशी समोवरजवळ, म्हणजे चहाच्या बंबाजवळ, गुडघ्यावर बसून चहा ओतत असे. तीच मला झोडपायची, तीच ऊन द्यायची, तीच घडी घालायची. पण माझ्यावर ती एकदाही बसली नाही. मला तिचाही राग येऊ लागला. आईने जिच्यासाठी डोळे फोडून घेतले, तिला माझी काहीच किंमत नाही, असे मला वाटे. ती बसत नव्हती, कारण तिला बसूच दिले जात नव्हते, हे माझ्या लोकरीच्या डोक्यात फार उशिरा शिरले.

गेल्या वसंतात बुरुलचे पोटातले मूल गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गोठ्यात होती. तिचा नवरा ताशतान कळप घेऊन वरच्या कुरणांवर निघून गेला, मुले शाळेत जाऊ लागली आणि बुरुलचे हात थरथरू लागले. झोप येईना. एकदा उकळता समोवर हातातून निसटला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासले आणि बजावले, "रोज दुपारी पडायचं. नाही पडलात तर पुढच्या वेळी तुम्हाला उचलून आणावं लागेल."

उलकानने ते ऐकले मात्र, तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दुपारी पडायचं? अगं, मी सकाळी बाळंत झाले आणि संध्याकाळी धारा काढल्या. दिवसा कोण पडतं? एक आजारी आणि एक मेलेला. तू यातली कुठली, ते आधी सांग!"

"मी पडत नाही, अपा," बुरुल म्हणाली.

"मग झालं तर. चूल विझतेय."

याच सुमारास क्लारा एजे गावात परतली. एजे म्हणजे थोरली बहीण; आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला असेच म्हणतात. ती पूर्वी तळ्याकाठच्या आरोग्यधामात व्यायाम शिकवायची. निवृत्त झाल्यावर योग शिकली आणि आता घरोघर जाऊन एकेका बाईला तिच्यापुरता योग सांगत होती. गावाने तिला 'श्वासवाली' नाव ठेवले होते. उलकान तर तिला पाहून रस्ता बदलायची. मलाही ती आवडली नाही. माणसाला श्वास घ्यायला शिकवायचा म्हणजे मेंढीला चरायला शिकवण्यासारखे आहे, असे माझे मत होते.

मंगळवारी आणि शुक्रवारी उलकान लेकीकडे जायची. त्या वेळात क्लारा एजे मागच्या दाराने येऊ लागली. पहिल्या दिवशी तिने शहरातून आणलेली रबरी चटई पसरली. बुरुल तिच्यावर उभी राहिली आणि शाळेतल्या कवायतीसारखी ताठ झाली.

"हे नको," क्लारा एजे म्हणाली आणि चटई गुंडाळून टाकली. "ही तुझ्यासाठी नाही. तुझ्या माहेरचं काही आहे का घरात?"

अशा रीतीने सोळा वर्षांनी मला प्रथमच बुरुलसाठी ढिगातून ओढून काढले गेले. क्लारा एजेने मला सरळ तोरवर अंथरले. बुरुल मागे सरली.

"एजे, तिथे नको. ती माझी जागा नाही."

"घरात आहे कोण बघायला?"

"मी आहे ना."

क्लारा एजे हसली नाही. तिने बुरुलला हाताला धरून माझ्यावर बसवले आणि मग निजवले. मित्रांनो, मला वाटले होते ती हलकी असेल, काटक्यांसारखे हात होते तिचे. पण दमलेले माणूस फार जड असते. तिने अंग टाकले तेव्हा माझी सगळी लोकर दबली. बातमाचे टाके प्रथमच तिच्या पाठीला लागले आणि माझा सोळा वर्षांचा राग कुठे गेला ते मला कळले नाही. तिच्यावरचा राग, म्हणतो. उलकानवरचा होता तिथेच होता.

क्लारा एजेने तिला अवघड असे काहीच दिले नाही. श्वासाबरोबर हात वर न्यायचे, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि मग पडून राहायचे. शेजारच्या सायराला तिने उभ्याने करायचे प्रकार दिले होते. बुरुलने विचारले, "मला का नाही ते?" तेव्हा म्हणाली, "सायरा दिवसभर गाडी चालवते, बसूनच असते. तू सोळा वर्षं उभी आहेस. तुला उभं राहायला आणखी काय शिकवू?"

पडून राहणे हेच बुरुलला सगळ्यात कठीण जाई. दोन मिनिटांत तिचे पाय चुळबुळू लागत.

"लाज वाटते, एजे."

"कुणाची?"

"सगळ्यांची. गाईचीसुद्धा. ती तिकडे उभी आणि मी इकडे पडलेली."

"गाय दुपारी बसते, बाई. जाऊन बघ."

"मी आळशी आहे, एजे. आतून. मला माहीत आहे."

"हे तुला माहीत आहे की तुला सांगितलं गेलंय?"

 बुरुलच्या डोळ्यांतले पाणी कानांवरून माझ्या मखमलीत मुरले. मटणाच्या तेलकट डागांपेक्षा ते मला बरे वाटले. महिना गेला. हातांची थरथर कमी झाली आणि बुरुलला थोडी झोप लागू लागली. पण सगळे चोरून चालले होते. उलकानला कळले की हे बंद होणार आणि बुरुल पुन्हा आजारी पडणार, आणि या वेळी कदाचित उठणारही नाही, हे त्या दोघींना ठाऊक होते.

तो शुक्रवार होता. उलकान त्या दिवशी लेकीकडे न जाता एका मेजवानीला गेली होती. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते म्हणून क्लारा एजेने पडदे ओढले, बुरुलच्या अंगावर पांढरी चादर घातली आणि डोळ्यांवर पांढरा रुमाल ठेवला. स्वतः शेजारी मान खाली घालून, डोळे मिटून बसली. "अर्धा तास," ती म्हणाली. "कुणी हाक मारली तरी उठायचं नाही."

नेमका तेव्हाच शेजारचा म्हातारा अब्दिल्दा उसने नेलेले विळे परत करायला आला. पडद्याच्या फटीतून त्याने आत पाहिले. भर दिवसा तोरवर उताणी, पांढऱ्याने झाकलेली बाई आणि शेजारी मान खाली घालून बसलेली दुसरी बाई. याचा अर्थ आमच्या गावात एकच होतो. आणि आमच्याकडे आधी रडायचे असते, विचारपूस नंतर. अब्दिल्दाने विळे टाकले, काठीवर वाकला आणि फाटकाशी उभा राहून मोठ्याने टाहो फोडला, "हाय गं माझी बहीण! हाय गं!"

झाले. गल्लीतले पुरुष कामे टाकून धावले आणि त्याच्या शेजारी वाकून रडू लागले. कोण गेले, कसे गेले, एकानेही विचारले नाही. विचारणे असभ्यपणाचे.

आत क्लारा एजे दचकून उठली. "अगं, बाहेर काहीतरी भलतंच चाललंय! मी जाऊन सांगते."

बुरुलने रुमाल काढला नाही, पण एजेच्या झग्याचे टोक घट्ट धरले.

"अर्धा तास झाला का?"

"बुरुल, ते तुला रडतायत!"

"कळलं. राहू दे थोडं."

"पाप लागेल गं!"

"लागू दे. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी काम टाकून आलंय."

एवढ्यात उलकानचा आवाज ऐकू आला. मेजवानीतल्या मटणाची आणि बोरसोक या तळलेल्या पुऱ्यांची पिशवी घेऊन ती परतत होती. फाटकाशी गाव रडत होते आणि तिच्या माहितीप्रमाणे घरात एकटी बुरुल होती. पिशवी तिच्या हातून पडली. तिने डोक्याचा रुमाल ओढून काढला, केस सोडले आणि रीतीप्रमाणे सुरात रडायला लागली. पण सूर रीतीचा नव्हता. माझ्यावर पडलेल्या बुरुलचा श्वास अडकला, तो मला तिच्या पाठीतून कळला.

"कोंबड्याच्या आधी उठणारी माझी सून गं!
गरम चहा कधी न प्यालेली माझी सून गं!
जीभ माझी चाबूक होती, पाठ तुझी होती गं!
मेलेल्या लेकराला रडू दिलं नाही मी तुला गं!
उठ गं एकदा, बुरुल, तोरवर बसवीन तुला गं!
माझ्या हातानं चहा ओतीन, माझ्या हातानं गं!"

बाहेरचे पुरुष आता खरोखरीच रडत होते. दार उघडले. उलकान केस मोकळे सोडून आत आली, मागोमाग बायका. आणि बुरुल चादरीसकट उठून बसली.

किंकाळ्या किती वेळ चालल्या ते मी मोजले नाही. अब्दिल्दा भिंतीला टेकून छाती चोळत होता. "जिवंत आहे ही! मी आता घरी काय तोंड दाखवू?" एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

उलकानचे तोंड पांढरे पडले आणि मग लाल झाले.

"जिवंत आहेस? जिवंत आहेस आणि पडून ऐकत होतीस? गावासमोर माझं नाक कापलंस!" मग ती क्लारा एजेकडे वळली. "आणि तू, श्वासवाले! माझ्या घरात प्रेतं निजवायला आलीस? चालती हो! आणि हे फडकं आधी गोठ्यात जाऊ दे!"

फडके म्हणजे मी. तिने माझे एक टोक धरले आणि हिसका दिला. बातमाचे चार टाके तटातट तुटले.

बुरुल उठली नाही. मांडी घालून ती माझ्यावर घट्ट बसली. 

"उठ म्हणते ना!"

"नाही उठणार, अपा."

 सोळा वर्षांत असा नकार त्या घराने तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

"काय म्हणालीस?"

"तुम्ही म्हणालात, उठलीस तर तोरवर बसवीन. मी उठले." बुरुलचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "अपा, चहा."

उलकानने आजूबाजूला पाहिले. कोणीतरी या आगाऊ सुनेला झापेल, या आशेने पाहिले असावे. पण बायकांनी माना खाली घातल्या. अब्दिल्दाने घसा खाकरला.

"बोललीस तू, उलकान. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मेलेल्याला दिलेला शब्द आहे तो."

"ती मेलेली नाही, म्हाताऱ्या!"

"म्हणून तर पाळता येईल."

उलकान समोवरपाशी गेली. गुडघे मोडून दाराशी बसली, तिथे जिथे बुरुल बसायची. पियाला घेतला आणि काठोकाठ भरला. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला पियाला अर्धा देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. काठोकाठ भरलेला देणे म्हणजे, पी आणि चालती हो. सगळ्या गावाला ते कळले. बुरुलला तर कळलेच.

तिने तो पियाला दोन्ही हातांनी घेतला. गरम चहा हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. मग रिकामा पियाला पुढे केला.

"अजून."

दुसराही काठोकाठ आला. बुरुल तोही प्याली आणि तिसऱ्यांदा हात पुढे केला. उलकानने तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत माया नव्हती, मी खोटे सांगणार नाही. तिने समोवरची चावी फिरवली आणि पियाला अर्धा झाला तशी ती बंद केली.

त्या दिवसापासून बुरुल रोज दुपारी माझ्यावर निजते. क्लारा एजे पुढच्या दाराने येते. उलकान त्या वेळी भांडी मुद्दाम आपटते, पण उठ म्हणत नाही. माझे तुटलेले टाके अजून कोणी घातलेले नाहीत आणि तिथून लोकर डोकावते.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचे असते. मला ऊन द्या, झोडपा, कसर लागू देऊ नका, हे मागत नाही, तेवढे तुम्ही स्वतःसाठी कराल. तुमच्या घरात एक बाई आत्ता, तुम्ही हे वाचत असताना, उभी आहे. तिच्याविषयी तुमच्या मनात जे चांगले आहे, ते बोलायला तुम्ही कशाची वाट पाहता आहात, ते तुम्हाला ठाऊक आहे. उठा, तिला बसायला जागा द्या.