पाण्याने नेलेली माणसे

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. पितळी मुठीचे, कडेला टवका उडालेले. सध्या माझा मुक्काम कुवेतमध्ये, सालमियातल्या एका फ्लॅटात, बाळासाहेब मरे यांच्या सदऱ्याच्या खिशात असतो.

माझा जन्म स्कॉटलंडचा. विल्यम मरे नावाच्या पाथरवटाने मला विकत घेतले. प्रेस्बिटेरियन मिशनचे चर्च बांधायला तो बोटीने निघाला आणि त्याच्यासोबत मी जालन्याजवळच्या एका गावात पोचलो. दगडावर कोरलेली अक्षरे तो माझ्यातून तपासत असे. त्याने तिथल्याच मुलीशी लग्न केले, तो मराठी शिकला आणि त्याच मातीत विसावला. पुढच्या पिढ्या पक्क्या मराठी झाल्या. आडनाव तेवढे राहिले. गावातली पोरे त्यावरून चिडवत. मला ते कधीच आवडले नाही, कारण त्या घरात माणसे खरोखरच अवेळी जात. "आपल्यावर पाण्याचा डोळा आहे," असे बायका दबक्या आवाजात म्हणत.

मधली कितीतरी वर्षे मी ट्रंकेत पडून होतो. बाळासाहेब शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी मला बाहेर काढून चिंचेने घासले. विल्यमचे मूळ गाव शोधायचा ध्यास त्यांना लागला होता. गावच्या चर्चमधल्या पाळकांनी जुन्या नोंदवह्यांच्या झेरॉक्स दिल्या, स्कॉटलंडमधल्या चर्चकडूनही काही पाने आली. पुढे मुलगा शशिकांत याने त्यांना कुवेतला आणले, तेव्हा ती पाने आणि मी एकाच बॅगेतून आलो. बाप्तिस्म्याची, लग्नाची पाने आम्ही आवडीने वाचली. दफनाची पाने मात्र बाळासाहेब बाजूला सारत. "ती बघू नंतर," म्हणत.

शशिकांतची मुलगी शलाका पोहण्यात शाळेत पहिली. मागच्या महिन्यात सराव करता करता ती पाण्याखाली गेली आणि वर आलीच नाही. कोचने तिला ओढून काठावर आणले, पाठ थोपटली, तेव्हा कुठे तिने श्वास घेतला.

बाळासाहेब धावत हॉस्पिटलात गेले. मी खिशातच होतो. त्यांची छाती माझ्यावर धडधडत होती.

"आजोबा, आय ॲम फाइन," शलाका म्हणाली. "शनिवारी माझी रेस आहे."

तिची आई सुजाता उशाशी बसली होती. डॉक्टर युसरा मूळच्या मुरुडच्या, मराठी बोलणाऱ्या. "ईसीजीत फारसं काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "घरात कोणी तरुणपणी अचानक हृदयाने गेलंय?"

"नाही," बाळासाहेब म्हणाले. "माझा थोरला भाऊ गेला, पण तो विहिरीत बुडून."

"पोहता येत नव्हतं?"

"छे! पट्टीचा पोहणारा होता."

डॉक्टरांचे पेन थांबले. "मग बुडाला कसा, काका?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न बाळासाहेबांना कोणी विचारला नव्हता.

घरी येऊन त्यांनी दफनाची पाने टेबलावर पसरली. मला धरून ते एकेक ओळ वाचू लागले. विल्यमचा मुलगा जॉन, विहिरीत. जॉनची मुलगी रूथ, नदीवर. पुढे कोणीतरी लिहिले होते, 'पाणी गुडघाभर'. बाळासाहेबांनी घाईघाईने स्कॉटलंडची पाने उलटली. विल्यमची बहीण, समुद्रात, वारा नसताना. मला डोळे मिटता येत नाहीत, मित्रांनो. नाहीतर मी मिटले असते.

"सुजाता, तिला घरी आणू नकोस," ते फोनवर ओरडले. "डॉक्टरांना थांबव!"

डॉक्टर युसरांनी सगळी नावे ऐकून घेतली. "यांना पाण्याने नेलं नाही, काका," त्या हळूच म्हणाल्या. "पोहताना हृदयाचा ताल बिघडतो. घराण्यात उतरणारा दोष असावा." त्यांनी शलाकाला ट्रेडमिलच्या पट्ट्यावर धावायला लावून पुन्हा तपासले. दोष दिसला. शशिकांतमध्येही दिसला, बाळासाहेबांमध्येही. थोरला भाऊ गेल्यावर आईने धाकट्या बाळासाहेबांना विहिरीकडे फिरकूही दिले नव्हते, म्हणूनच ते वाचले.

शलाकाला गोळ्या सुरू झाल्या. "सो नो स्विमिंग? एव्हर?" असे विचारून ती भिंतीकडे तोंड करून रडली.

तेवढ्यात बाळासाहेबांना आठवले, नाशिकला आत्तेबहिणीचा नातू आलोक. त्याचा पोहण्याचा क्लास सुरू होता. त्यांनी फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. कोणी उचलेना. त्यांनी मला मुठीत इतके घट्ट आवळले की माझी काच तडकेल असे वाटले.

शेवटी आलोकची आई बोलली. "अहो मामा, आत्ताच क्लासहून आलोय. जेवतोय तो."

बाळासाहेबांनी फोन सुजाताच्या हाती दिला. तिने सगळे नीट सांगितले.

मित्रांनो, मला मऊ फडक्यात ठेवा, उन्हात विसरू नका, एवढे मी मागेनच. पण त्याहून एक मोठे मागणे आहे. तुमच्या घरात जी माणसे लवकर गेली, ती कशी गेली हे थोरामोठ्यांना विचारा. ते "नंतर" म्हणतील. त्यांनाही भीती वाटत असते. तुम्ही त्यांचा हात धरा आणि पुन्हा विचारा.