शपथेचं ताट

"ताट काढा, कुशाबाई. माणसं खोळंबलीत," आनंदराव गाभाऱ्याच्या चौकटीला हात टेकून म्हणाले.

मागे सभामंडपात वॉर्ड तीनची तीस-पस्तीस माणसं खाली मान घालून उभी होती. ग्रामपंचायतीचं मतदान दुसऱ्या दिवशी होतं. त्या वॉर्डातल्या बायकांसाठीच्या राखीव जागेवर आनंदरावांची सून तेजश्री उभी होती. एकेकाला खंडोबापुढे बेलभंडार उचलायला लावला की मत फुटत नाही, हा आनंदरावांचा जुना खाक्या. भंडाऱ्याचं ताट धरायचं ते देवळाच्या गुरवानं. नवरा गेल्यापासून सतरा वर्षं पूजा कुशाबाईच करत होती, म्हणून ताटही तिच्याच हाती यायचं.

"ताट हाय. धरणारी न्हाई," कुशाबाई म्हणाली.

"म्हंजी?"

"म्हंजी म्या धरायची न्हाई. मागल्या बारीला धरलं, तेवढं बास झालं."

"आवं, ह्ये देवाचं काम हाय. आमचं थोडंच हाय?"

"मग देवाला इचारलंत का, त्याला पायजे का ह्ये काम?"

मंडपात कुणीतरी फिस्सकन हसलं. आनंदरावांनी मागे वळून बघितलं, तसं ते हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी मुलाला हाक मारली. "विक्रम, घे रं ताट आतनं."

विक्रम कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आला होता. कुशाबाई उंबऱ्यात आडवी बसली. "गाभाऱ्यात यायचं तर आंघोळ करून, वल्ल्या पंच्यानं यावं लागतं. काढ कपडे, मी हीर दावते."

विक्रम मागे सरला. शेवटी सकाळच्या पोह्यांच्या खरकट्या कागदी डिशा पडल्या होत्या, त्यातल्या एकीत त्यानं पुडीतला भंडारा ओतला आणि बाहेर मंडपातच शपथा सुरू झाल्या. देव आत, शपथ बाहेर. माणसं एकामागून एक चिमूट उचलत होती आणि डिशला चिकटलेली मोहरी बोटानं झटकत होती. कुशाबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जाताना आनंदराव तिच्या कानाशी येऊन म्हणाले, "देवळाचा ट्रस्ट माझ्याकडंच हाय, ध्यानात ठेवा." ध्यानात ठेवायला ती विसरली कधी होती? देवळामागच्या दोन खोल्या ट्रस्टच्या होत्या, आणि तिला दुसरं घर नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी आनंदराव स्वतः उभे होते. तेव्हा त्यांनी ह्याच गाभाऱ्यात, कुशाबाईच्या हातातल्या ताटातून, आपण होऊन भंडारा उचलला होता. खालच्या आळीला वर्षाच्या आत पाण्याची टाकी बांधीन, नाही बांधली तर खंडोबा बघून घेईल. टाकीला जागा हवी होती. खालच्या आळीतल्या भामाबाईच्या घराशेजारी मोकळा तुकडा होता आणि म्हातारी द्यायला कां-कूं करत होती. तिची समजूत घालायला गेली ती कुशाबाई. "आत्याबाई, त्यानं माज्या ताटातनं भंडारा उचललाय. खंडोबापुढं कोण खोटं बोलंल?" एवढ्या एका वाक्यावर भामाबाईनं कागदावर अंगठा उठवला.

टाकी झाली नाही. त्या जागेवर तीन गाळे झाले. पहिल्या गाळ्यात विक्रमनं मोबाईलचं दुकान थाटलं आणि उद्घाटनाचा नारळ फोडायला कुशाबाईलाच बोलावणं धाडलं. भामाबाई पुढं दोन उन्हाळे हापशावरून पाणी ओढत होती. ती गेली त्या दिवशी कुशाबाई खंडोबापुढे बसली आणि म्हणाली, "माज्या ताटातनं लबाडी झाली. आता मी तुजी साक्षीदार. साक्षीदारानं कुणाची बाजू घ्यायची नसती. हितनं पुढं माज्या बोटाला शाई लागायची न्हाई." त्यानंतर लोकसभा झाली, विधानसभा झाली. कुशाबाई मतदान केंद्राकडे फिरकली नाही. गावानं तिला वेडी म्हटलं. निवडणुकीला देव पाण्यात घालून बसणाऱ्या आणि निकाल लागला की देवळाची वाट विसरणाऱ्या ह्या गावानं तिला वेडं ठरवावं, ह्याचा तिला जास्तच राग आला.

आणि ते वॉर्ड तीनचे शपथवाले! दुपारी आनंदरावांचा भंडारा उचलायचा, संध्याकाळी दुसऱ्या कुणाचा. मग गुपचूप नारळ घेऊन देवळाच्या मागच्या दारानं यायचं, "कुशाबाई, तेवढी शपथ सोडवा, दोघांचीबी झालीया." मागच्या खेपेला अशी अकरा माणसं आली होती. तिनं अकराही जणांना नारळासकट बाहेर काढलं होतं.

ह्या खेपेला तेजश्रीच्या विरोधात सविता उभी होती. सविता गावातली पिठाची गिरणी चालवायची. खालच्या आळीच्या बायका घेऊन ती शिरूरच्या कचेरीत नऊ वेळा गेली होती, दहाव्या वेळी साहेबाच्या दारात रिकाम्या घागरी मांडून बसली होती. भामाबाईच्या पश्चात का होईना, आळीला दिवसाआड टँकर मिळाला तो तिच्यामुळंच. त्या दुपारी कागदी डिशवाली गर्दी पांगल्यावर ती केसांवर पीठ तसंच घेऊन देवळात आली.

"मावशी, मला शपथ नको. एक मत द्या, बास."

"तुला ठावं हाय सविता, मी देत न्हाई."

"मी काय वंगाळ हाय का?"

"न्हाई गं. तू चांगली हायेस, म्हणून तर भ्या वाटतं. आनंदरावबी पयल्या बारीला चांगलाच हुता."

"मग चांगल्यानं उभंच ऱ्हायाचं न्हाई का?"

कुशाबाईला राग आला. "देवाला बोललेय मी. आज तुज्यासाठी मोडलं, तर त्येंच्यात आन् माज्यात काय फरक ऱ्हायला?"

"मावशी, त्येंच्या खोट्या शपथेनंबी नुकसान आमचंच, आन् तुमच्या खऱ्या शपथेनंबी आमचंच," एवढं म्हणून सविता पायऱ्या उतरली. ते बोलणं कुशाबाईच्या फार जिव्हारी लागलं. तिनं ताट घासायला घेतलं आणि लख्ख होऊनही घासत राहिली.

मतदानाच्या दिवशी विक्रमची गाडी दोनदा दारात येऊन, कुशाबाई घरीच आहे ना एवढं बघून गेली. सविताकडून कुणी आलं नाही. चार वाजता शाळेतल्या केंद्रावरून एक ओळखीची बाई निरोप घेऊन आली, "आवं, कुणीच नको तर नोटाचं बटन दाबा. पर या तरी." कुशाबाई म्हणाली, "नको म्हणायलाबी शाईच लावत्यात न्हवं?" ती बाई गेल्यावर मात्र कुशाबाईनं पायात चपला घातल्या. शाळा देवळापासून शंभर पावलांवर. ती पिंपळापर्यंत गेली, थांबली, मागे फिरली आणि देवाला म्हणाली, "बघितलंस? न्हाई गेले." पण बोलताना तिचा आवाज भांडल्यासारखा निघाला.

तिसऱ्या दिवशी शिरूरला मोजणी झाली. सविताला दोनशे अकरा, तेजश्रीला दोनशे अकरा. पुन्हा मोजलं, तेवढंच. मग नियमाप्रमाणे दोघींच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या आणि एक चिठ्ठी काढली. तेजश्रीची निघाली.

ही बातमी कुशाबाईला कुणी सांगितली नाही. तिला डीजे ऐकू आला. मिरवणूक वाजतगाजत देवळात शिरली, पोरांनी मुठी भरभरून गुलाल उधळला आणि खंडोबाचा पिवळाधमक मुखवटा पार लाल करून टाकला. आनंदराव पुढे आले. हातात साडी आणि नारळ. त्यांनी चक्क वाकून नमस्कार केला.

"कुशाबाई, सगळ्या गावाला ठावं हाय, तुमी मत टाकलं असतं तर ते सवितालाच पडलं असतं. तुमी घरी बसला, म्हणून आज ह्यो गुलाल हाय. लई उपकार झाले. त्या खोल्यांची कायबी काळजी करू नका, मरेस्तवर ऱ्हावा."

त्यांनी टोमणा मारला असता तर तिनं परतवला असता. पण माणूस मनापासून बोलत होता, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. कुशाबाईनं साडी उचलली आणि मंडपात भिरकावली.

"तुमच्यासाठी न्हाई केलं मी! तुमच्या तोंडावर थुकायला केलं!"

"कशासाठीबी करा," आनंदराव शांतपणे म्हणाले. "पडलं आमच्या पदरात." तेजश्रीनं साडी उचलून झटकली आणि मुकाट्यानं देवाच्या पायरीवर ठेवली. मिरवणूक पुढे गेली. कुशाबाईनं पाच घागरी पाणी ओतून देव धुतला. धुताना ती त्यालाही वाट्टेल ते बोलली. तुला चिठ्ठी तरी सरळ काढता आली न्हाई का, इथपर्यंत बोलली. साडी नंतर तिनं घंटा पुसायला फाडली.

घरातलं पीठ संपलं होतं. तिनं चार दिवस भातावर काढले, पाचव्या दिवशी तांदूळही संपला. मग बाजरीचा डबा डोक्यावर घेऊन ती गिरणीवर गेली. जाताना वाटभर तिनं भांडण तयार केलं. सविता बोललीच, तर आपण काय बोलायचं, सगळं. मी कुणाला फसवलं न्हाई. मी देवाला दिलेला शब्द पाळला. तुमी शिव्या द्यायच्या तर त्या दोनशे अकरांना द्या, मलाच का?

गिरणीत खालच्या आळीच्या सहा-सात बायका बसल्या होत्या. कुणी जागा दिली नाही आणि कुणी वाईटही बोललं नाही. कुशाबाई भिंतीशी उभी राहिली. एकीचं झालं, दुसरीचं झालं. तिचा नंबर आला तसा सवितानं हात पुढं करून डबा घेतला, झाकण काढलं, बाजरी मुठीत घेऊन बघितली.

"मावशी, बारीक दळायचं का जाड?" सवितानं विचारलं.

गिरणी चालवायला लागल्यापासून तिनं हे कुशाबाईला कधी विचारलं नव्हतं. ती नुसता डबा ओळखायची आणि दळायची. इतर गिऱ्हाइकांना विचारावं तसं, अगदी नीट, रीतसर विचारून ती उत्तरासाठी थांबली होती.

"बारीक," कुशाबाई म्हणाली, आणि पीठ पडेपर्यंत बायकांपासून थोडी लांब उभी राहिली.