माझ्या हातून निसटलेली दीपमाला

"ही कडी ढिली झालीया. एखांद्या दिवशी पोरगं निसटंल," असं बायनाबाई म्हणाल्या, तेव्हा मला रागच आला होता. मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे, उमापूरजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेच्या फाटकाची. बायनाबाई तिथं खिचडी शिजवतात. त्यांनी आपलं पातेलं सांभाळावं, लोखंडातलं त्यांना काय कळतं, असं मनात म्हणून मी लटकत राहिले.

गेवराईच्या एका लोहारानं मला घडवलं. पहिल्या पावसाळ्यानंतर मी इतकी घट्ट बसायचे, की एकदा तपासणीला आलेले साहेबच आत अडकले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या माझ्यासाठीच, असं समजून मी वर्षभर फुगून होते. नंतर कळलं, तो घट्टपणा म्हणजे गंज होता, आणि त्यानंच पुढं मी झिजून ढिली झाले.

दिवाळीनंतर आमच्याकडं ऊसतोडीचे ट्रक येतात आणि वर्गातली निम्मी पोरं आईबापांबरोबर कारखान्याला जातात. त्यामुळे रिकामी जागा दिसली तरी कुणी दचकत नाही.

यंदा पहिलीतल्या दीपमालाला मात्र आईवडिलांनी आजीपाशी ठेवलं होतं. मधल्या सुट्टीत त्यांचा ट्रक शाळेसमोरच भरत होता. दीपमाला आली, तिनं मला एका बोटानं उचललं आणि गर्दीत दिसेनाशी झाली. मी जीव खाऊन करकरले.

"हिला तेल घाला रे कुणीतरी," वनमाला मॅडम म्हणाल्या.

सुट्टी संपली. हजेरी सुरू झाली. "दीपमाला?"

"मॅडम, ट्रक गेला!" पोरं ओरडली.

मॅडमनी तिच्या नावापुढं 'स्थलांतरित' लिहिलं आणि बेरीज शिकवायला घेतली.

इकडं बायनाबाई भांडी आवरत होत्या. आमची पोरं घरून नाव कोरलेली ताटली आणतात. दीपमालाची ताटली निम्म्या खिचडीसकट तशीच पडली होती. त्या ती घेऊन थेट वर्गात शिरल्या.

"मॅडम, पोरगी गेली म्हनता, मग ताटली कशी ऱ्हायली? सरस्वतीबाईची नात ताटली टाकून जायची न्हाई. चमचा हरवला तरी म्हातारी गावभर वरडत फिरती!"

रेंज फक्त माझ्यापाशी येते. मॅडमनी फाटकात उभं राहून दीपमालाच्या वडिलांना, उत्तरेश्वरांना, फोन लावला.

"ती शाळंत हाय की, मॅडम," ते म्हणाले.

निरोप मिळताच आजी सरस्वतीबाई धापा टाकत आल्या. "बायने, शाळंत हाय म्हनून तर मी निवांत हुते!"

बाप म्हणे शाळेत, शाळा म्हणे बापाकडं, आजी निवांत. तिघांच्या भरवशावरची सहा वर्षांची पोर कुठंच नव्हती. कुणी विहिरीकडं पळालं. मी तर लोखंडाची, तरी मला घाम फुटला.

बायनाबाईंनी मॅडमच्या हातातला फोन हिसकावला. "उत्तरेश्वरा, ट्रक थांबीव! समदं सामान उतरीव!"

भांडी आदळल्याचे आवाज आले. "वाकळ उचल बे! त्या पिंपात बघ बे!" मग उत्तरेश्वरांचा रडका आवाज : "हाय... पिंपात झोपलीया. झाकण फुटकं हुतं म्हनून बरं. आन् बायनाबाई, चार दिसाचा चिवडा समदा खाल्ला हो!"

आजी मटकन खाली बसल्या. "खिचडी टाकून चिवडा खाती व्हय? येऊ द्या घरी," म्हणत त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

गेवराईच्या अलीकडून ट्रक माघारी आला. आई दीपमालाला कडेवरून सोडेना. "कावून गेलतीस गं?"

"तू मला हात केला न्हाईस," दीपमाला म्हणाली.

ट्रक भरताना आईनं रडू लपवायला तोंड फिरवलं होतं, हे त्या पोरीला कसं कळावं?

आता फाटकाला नवी कडी आहे. सुट्टीनंतर जागा रिकामी दिसली, की मॅडम आधी फोन लावतात, मग बेरीज. मी बायनाबाईंच्या स्वयंपाकखोलीला आहे. त्यांचं मी आता सगळं ऐकते. मांजर आजवर दोनदाच निसटलं.

मित्रांनो, हे वाचून झालं की तुमच्या शेजारची जागा बघा. रिकामी असेल, तर 'गेली असेल कुठंतरी' असं म्हणू नका. उठा, आणि ती कुठं आहे ते विचारून या.