वरची तर्री

भटारी अब्दुल गफ्फारला झटका आला तो कढईपाशीच. अमरावतीत एका लग्नघरी चारशे माणसांच्या बिर्याणीचा कांदा तळत होता. छातीत काहीतरी अडकल्यासारखं झालं म्हणून तांदळाच्या पोत्यावर जरा टेकला, तो स्वतःहून उठलाच नाही. मुलगा शाकीब सोबत होता म्हणून निभावलं. त्यानं झारा दुसऱ्याच्या हातात दिला, बापाला ऑटोत घातलं आणि थेट दवाखाना गाठला. दोन स्टेंट पडले.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "तुमी अकोल्याचे गफ्फारभाई तं नाही?"

गफ्फारनं मान वळवली. वलगावचे खुशालराव होते. संत्र्याचा बगीचा, गावात मान, आवाज मोठा. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाच्या मांडवपरतणीचं मटण गफ्फारनंच केलं होतं. लग्नाचं जेवण वरण, भाजी, बुंदीचं. दुसऱ्या दिवशी मांडव परतला की मटण. सहाशे माणूस जेवून गेलं होतं. आता खुशालरावांच्या छातीत तीन स्टेंट होते.

"काय तर्री होती हो तुमची! रश्श्यावर बोटभर तेल, लालजर्द. गावातले लोक अजून नाव काढतात."

"नाव कायचं काढता, खुशालराव. त्याच तर्रीनं दोघांले इथं आणून टाकलं."

खुशालराव हसायला गेले आणि छाती धरून थांबले. 

सुटी व्हायच्या दिवशी दवाखान्यातली आहाराची बाई आली. अदिती तिचं नाव, गफ्फारच्या धाकट्या मुलीच्या वयाची. वही उघडून तिनं विचारलं, "काका, रोजच्या जेवणात काय काय असतं?"

"भटारी जेवत नाही, बाई. भटारी चाखतो."

तिनं हळूहळू सगळं काढून घेतलं. पस्तीस वर्षं लोकांची लग्नं. देगेवरची तर्री घ्यायची, अर्धी रोटी बुडवायची, उभ्याउभ्या खायची आणि पुढच्या देगेकडे वळायचं. तळणाचं उरलेलं तेल घरी न्यायचं, त्यातच आठवडाभर भाजी. आणि वनस्पती तुपाचे डबे. ते तर कितीतरी.

"तेच तूप," अदिती म्हणाली. "पातळ तेलावर कारखान्यात प्रक्रिया करून ते घट्ट करायचे. त्यात चरबीचा एक वाईट प्रकार तयार व्हायचा, ट्रान्स फॅट म्हणतात त्याला. तो रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगलं कमी करतो. आता कायदा आलाय, डब्यात तो फारसा राहू देत नाहीत. पण तुम्ही जुना माल खाल्लाय, तोही वर्षानुवर्षं. शिवाय काळं पडेपर्यंत तापवलेलं तेल."

"म्हंजे तेल बंद?"

"बंद नाही हो. थोडं, आणि ताजं. शेंगदाण्याचं चालेल, करडईचं चालेल. जवसाची चटणी खा, अक्रोड परवडत असेल तर खा. सगळीच चरबी वैरी नसते, काका."

गफ्फारनं मान हलवली. तेल त्याला धुरावरून कळत असे, वासावरून कळत असे. आवाजावरूनसुद्धा. आत जाऊन ते काय करतं, हे आजवर त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यानंही विचारलं नव्हतं. घरी जाताना गाडीत त्याला एकेक मांडव आठवत राहिला. पंगती आठवल्या. "अजून घ्या, वरून घ्या" म्हणत वाढणारा स्वतःचा हात आठवला. मूर्तिजापूर येईपर्यंत त्याचं डोकं शिणून गेलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

त्याची बायको नसीमबानो मूळची रिद्धपूरची. जवस म्हटल्यावर ती म्हणाली, "ते तं आमी गरिबीत खात होतो. डॉक्टरले आता समजलं?" पण दुसऱ्याच दिवशी तिनं जवस भाजला. दोघांच्या भाजीत मिळून दोन चमचे तेल पडू लागलं. दुधी, दोडके, पालक. गफ्फार निमूट जेवायचा. कुरकुर करायचीही ताकद नव्हती. जिभेला चव लागत नव्हती, आणि त्या जिभेवरच तर आजवर सारं घर चाललं होतं.

नोव्हेंबरात खुशालराव मुलाच्या गाडीतून अकोल्याला आले. चेहरा उतरलेला होता, पण आवाज तोच.

"पिंकीचं लग्न काढलं. मांडवपरतणी तुमीच कराची. शाकीबले पाठवू नका, तुमी या."

"येतो. पण मटण हलकं करतो, खुशालराव. वनस्पती नाही, तेल बेतानं. मसाला असा लावीन का कोनाले कमी पडनार नाही."

खुशालरावांनी हातातला बिनसाखरेचा चहा खाली ठेवला. "काहून? लग्न माह्या पोरीचं हाय, दवाखान्याचं नाही."

"तुमीच तं माह्या बाजूच्या खाटेवर होते."

"मी होतो. पाव्हने नव्हते ना! ते अचलपूरचे लोक हायेत, गफ्फारभाई. तर्री नसली तं म्हनतील, खुशालराव बसला, पैसा संपला."

गफ्फार 'पाहू' एवढंच म्हणाला.

वलगावला त्यानं पहाटेपासून चार देगा लावल्या. मटणाची वरची चरबी काढून टाकायला लावली. कांदा कमी तेलात, मंद आचेवर परतला. त्याला दुप्पट वेळ लागला आणि शाकीब दोनदा चिडला. खोबरं, खसखस, धने हातानं भाजले. बारा वाजता झाकण उघडलं तेव्हा वास असा सुटला की पंगतीत बसायला आलेली माणसं वळून पाहू लागली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा गफ्फारच्या जिवाला बरं वाटलं.

पहिली पंगत बसली. वाढपी पळत आला. "चाचा, लोक विचारून राहिले, तर्री कुठं हाय?"

मागोमाग खुशालराव आले. कपाळावर घाम, नवा फेटा तिरपा झालेला. आवाज खाली आणून म्हणाले, "व्याही म्हनते, रस्सा हाय का पानी? चव चांगली हाय म्हनते, पन वर कायीच नाही. माह्यं नाक कापू नका, गफ्फारभाई. तुमच्या पाया पडतो."

एवढ्या मोठ्या माणसाचा तो चेहरा गफ्फारला पाहवेना. तो शाकीबला म्हणाला, "तेल तापव." पाच लिटरचा डबा कढईत गेला. तेल तापल्यावर शाकीबनं कढई उतरवली, त्यात तिखट सोडलं, पाण्याचा हबका मारला. लाल फेस उसळून बसला. गफ्फारनं एकेका देगेवर ते ओतलं. पस्तीस वर्षांचा हात, एक थेंब बाहेर गेला नाही. दुसऱ्या पंगतीपासून वाहवा सुरू झाली.

शेवटच्या पंगतीला खुशालराव व्याह्यांशेजारी बसले. त्यांना वाढायला गफ्फार स्वतः गेला. पळी खोल घालून त्यानं तळचं मटण काढलं, वरचं तेल निथळू दिलं आणि वाटीत घातलं. खुशालरावांनी वाटीकडे पाहिलं, मग व्याह्यांच्या वाटीकडे.

"वरून घ्या."

"खुशालराव..."

"वरून घ्या म्हनतो ना!"

दहा माणसं पाहत होती. गफ्फारनं पळी वरवर फिरवली आणि वाटी लाल केली. खुशालराव मान खाली घालून जेवले. दुसऱ्यांदा मात्र त्यांनी मागितलं नाही.

परतताना शाकीब खुशीत होता. "तीन जनांनी नंबर घेतला, अब्बा."

"माह्या नावावर घेऊ नको आता."

"तुमच्याच नावानं मागतात, अब्बा. मले कोन वयखते?"



दिवेलागणीला तो घरी पोचला. नसीमबानोनं विचारलं, "तुमी खाल्लं का तिथं?"

"चाखलं."

 तिनं दोडक्याची भाजी गरम केली. तो हात न धुताच पाटावर बसून राहिला होता. तिनंच पाणी आणून दिलं.

सकाळी त्यानं खुशालरावांना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"गोळी घेतली का?"

पलीकडे मागं मांडवाचे बांबू उतरवल्याचा आवाज येत होता.

"इसरलो होतो. घेतो आता. तुमी?"

"घेतली."

"पिंकी गेली, गफ्फारभाई. घर खायाले उठलं."

"हं."

दुसऱ्या दिवशी खुशालरावांचाच फोन आला, गोळीचंच विचारायला. मग ते रोजचंच झालं. कधी अर्धा मिनिट, कधी पाऊण तास. तर्रीचा विषय दोघांनीही काढला नाही.

फेब्रुवारीच्या दोन तारखा शाकीबनं आधीच घेऊन ठेवल्या होत्या. गफ्फार गेला. कांदा त्यानं बेतानं तळला, तळणाचं तेल एका वापरानंतर फेकायला लावलं, आणि तर्री वेगळ्या बादलीत काढून ठेवली: ज्याला हवी त्यानं मागावी. सगळ्यांनीच मागितली. वाट्या लाल होताना दिसू नयेत म्हणून तो खुर्ची मंडपाच्या टोकाला ओढून, पंगतीकडे पाठ करून बसला. भट्टी विझेपर्यंत तिथंच बसून होता.